सगळ्याला बेसेदर

हिब्रू भाषेतला पहिला शब्द मी शिकले तो अलिबागला, एसटी स्टँडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत. आणि शिकले तो चुकीचा शिकले. म्हणजे शब्द बरोबर होता हां. बेसेदर. त्याचा अर्थ ठीक आहे, ओके, चालेल. इस्राएलमध्ये लोक हा शब्द आपण 'हां' म्हणतो तसा येताजाता म्हणतात. चुकीचं होतं ते आमच्या सरांनी सांगितलेलं, तो कुठे वापरायचा ते.

आमचा केअरगिव्हरचा क्लास होता. केअरगिव्हर म्हणजे परदेशात जाऊन म्हातारी माणसं सांभाळायची. अकरा मुली, दोन मुलगे, एक फळा आणि प्लास्टिकच्या खुर्चीत शाल पांघरून बसलेले सर, कारण प्रॅक्टिकलला पेशंट तेच व्हायचे. सर स्वतः इस्राएलला कधी गेलेले नव्हते. ते दुबईला होते, तेही एका मॉलच्या पार्किंगमध्ये. पण त्यांच्याकडे एक पीडीएफ होती, आणि ज्याच्याकडे पीडीएफ तो सर.

"तीन शब्दांत आयुष्य निघेल," सर म्हणायचे. "शालोम, तोदा, बेसेदर. नमस्कार, थँक्यू, ठीक आहे. आणि इंटरव्ह्यूला तर फक्त तिसरा. समोरची पार्टी काय पण बोलू दे, समजू दे नाहीतर न समजू दे, स्माईल द्यायची आणि बेसेदर. प्रश्न विचारायचे नाहीत. प्रश्न विचारणारी मुलगी कोणालाच नको असते."

माझ्या शेजारची मैत्रीण कुजबुजली, "हे नोकरीचं सांगतायत का लग्नाचं?"

तरी आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. बेसेदर. खाली दोन रेघा.

मला जायचंच होतं. नर्सिंगचा कोर्स करून मी दीड वर्ष एका दवाखान्यात होते, तिथे मला नर्स सोडून सगळं म्हणायचे. ए मुली, ए ताई, ए जरा फरशी बघ. बाबा अलिबाग-रेवदंडा मिनीडोर रिक्षा चालवतात, आई घरची सुपारीची वाडी बघते, आम्ही चौलचे. बाबांना माझं जाणं मान्य होतं, कारण बाबांना सगळंच मान्य असतं. काही विचारलं की "होईल" म्हणतात आणि गाडी पुसायला जातात. आई मात्र अडून बसली होती. टीव्हीवर तिने तिकडचं आकाश बघितलं होतं, रात्रीचं, त्यात काय काय उडताना.

"सायरन वाजला का तू कुठं जाशील?" आईने विचारलं. "मला जागा दाखव. दार दाखव. मग मी कागदावर सही करायला न्हाय म्हणणार न्हाय."

सही कायद्याने लागत नव्हती, मी तेवीस वर्षांची आहे. पण आमच्या घरात कायदा आईच्या पुढे चालत नाही. म्हणजे माझं सगळं त्या एका दारावर अडलं होतं, आणि ते दार कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. सरांना विचारलं तर सर म्हणाले, "बेसेदर."

आता मावशींचं सांगते. आमच्या घराची पुढची खोली आम्ही दर हिवाळ्यात दोन महिने भाड्याने देतो आणि गेली सहा वर्षं एकच बाई येते. गावात त्यांना सगळे इस्राईल मावशी म्हणतात. जन्म रेवदंड्याचा. आमच्या या किनाऱ्यावर ज्यू लोक शेकडो वर्षं राहिले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोकांनी त्यांना शनवार तेली नाव ठेवलं. मग एकेक करून बहुतेक सगळे तिकडे गेले. मावशी लग्न होऊन एकोणिसाव्या वर्षी गेल्या, वाळवंटातल्या एका गावात, आणि तिथे वृद्धाश्रमात चाळीस वर्षं काम केलं. आधी स्वयंपाकघरात, मग वॉर्डात. पण त्यांचं मराठी इथून नेलं तेव्हा जसं होतं तसंच आहे, ट्रंकेत घडी घालून ठेवल्यासारखं. मांडव्याहून सुटणाऱ्या एवढ्या मोठ्या रो-रो बोटीला अजून आगबोट म्हणतात.

क्लासहून आले तेव्हा मावशी आईबरोबर पडवीत वालाचं बिरडं सोलत बसल्या होत्या. मी चप्पल काढायच्या आधीच ओरडले, "मावशी, बेसेदर!"

"काय बेसेदर?"

"सगळं!"

"सगळं कधी बेसेदर असतं गो?" मावशींनी मान पण वर केली नाही. "कुणी शिकवलं हे?"

मी सरांची पूर्ण पद्धत सांगितली. स्माईल द्यायची वगैरे. मावशी ऐकत ऐकत एक वाल सोलत होत्या, तो सोलून झाला तरी हातातच धरून राहिल्या.

"आणि म्हातारा म्हणाला, मला गॅलरीतून खाली उडी मारायचीय, तर?"

मी स्माईल दिली. सवय लागली होती ना.

"बस इथं," मावशी म्हणाल्या. "हात धू आणि बस."

मग त्यांनी ताटात दाखवलं. सोललेल्या डाळिंब्या एका बाजूला, सालं दुसऱ्या बाजूला, न सोललेले वाल पाण्यात. "हे बघ. याला सेदर म्हणतात. क्रम. प्रत्येक वस्तू आपल्या जागी. बेसेदर म्हंजे सगळं जागच्या जागी हाय. तू नुसती म्हणालीस म्हणून व्हत न्हाय, आधी असायला लागतं. रुग्णाची गादी बदलली, गोळी दिली, पाणी पाजलं, मग कुणी विचारलं तर म्हणायचं बेसेदर. ते उत्तर हाय. कामाच्या आधी म्हणालीस तर ती थाप."

"पण सर म्हणाले तिकडे सगळे सगळ्यालाच म्हणतात."

"म्हणतात तर. पण कसं म्हणतात ते ऐकायला लागतं." आणि मावशी चालू झाल्या. आवाज बदलून, चेहरे करून, आई हसून हसून मागे रेलली. दोनदा घाईघाईत म्हटलं, बेसेदर-बेसेदर, तर म्हणजे हो बाई, कळलं, आता डोकं खाऊ नको. 'से' ला लांब खेचलं तर म्हणजे मला पटलेलं नाही पण भांडायला वेळ नाही. सुनेने सासूला दात न उघडता म्हटलं तर त्या घरी चार दिवस जायचं नाही. आणि 'लो' म्हणजे नाही. लो बेसेदर. हे म्हणायला तिकडे कोणी घाबरत नाही. सूप थंड आहे, लो बेसेदर. डॉक्टर उशिरा आला, त्याच्या तोंडावर, लो बेसेदर.

"तोंडावर?" आईने विचारलं.

"तोंडावर."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. कारण आमच्याकडे 'नाही' हा शब्द भांडणासाठी राखून ठेवलेला असतो. एरवी तो कोणी काढत नाही. लग्नाचं आमंत्रण आलं आणि जायचं नसेल तर "बघतो", उसनी शिडी द्यायची नसेल तर "भावाला विचारतो", आणि नारळसुद्धा आम्ही फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणतो. वाईट तोंडातून निघायलाच नको. सरांची पद्धत आम्हाला लगेच पटली त्यात सरांची काय कमाल नव्हती, आम्ही जन्मापासून तेच करत होतो, फक्त मराठीत.

"आणि एक सगळ्यात वाईट," मावशी म्हणाल्या. "यिहिये बेसेदर. होईल सगळं ठीक. हे ऐकलंस का उठून उभी राहा. प्लंबर म्हणाला तर नळाखाली बादली ठेव. सायबानं पगाराबद्दल म्हटलं तर डबे भरून ठेव. ज्याला पुढं काय करायचं ते माहीत न्हाय ना, तो म्हणतो यिहिये बेसेदर."

"म्हणजे बाबांचं 'होईल'."

"तेच. रस्ता कधी व्हणार? होईल. जेटी कधी व्हणार? होईल. तुम्हाला इथं कळतं ना, होईल म्हंजे काय ते? मग परक्या भाषेत ऐकलं का लगेच खरं कसं वाटतं गो तुम्हाला?"

मला राग आला, कारण बरोबर होतं.

इंटरव्ह्यू रविवारी दुपारी ठरला. आमच्याकडे नेटवर्क फक्त पडवीत येतं, म्हणून फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवून तिथेच ठेवला. सर स्वतः चौलला आले आणि कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे खांबाआड बसले, अंगठा तयार ठेवून. मुंबईहून एजंट मॅडम कॉलवर. मावशी पलीकडच्या पाटावर, पुढ्यात वाल. त्यांना मी सांगितलं होतं की मध्ये बोलू नका. त्यांनी सांगितलं होतं, बघू.

पलीकडे एक पंचावन्नेकची बाई, चष्मा डोक्यावर, आणि तिच्या मागे व्हीलचेअरमध्ये तिचे वडील, अर्धांगवायू झालेले, आमच्याकडे पाठ करून टीव्ही बघत. इंग्लिशमध्ये विचारत होती. मला सगळं येत होतं हो, मावशींनी आठवडाभर घोकून घेतलं होतं. पण सरांना बघितलं आणि काय झालं कळलं नाही, सगळं धुऊन गेलं. सहा दिवस काम. बेसेदर. वडील वजनदार आहेत, उचलावं लागेल. बेसेदर. ते कधीकधी शिव्या देतात. बेसेदर! खांबाआडून अंगठा. मी फॉर्मात.

मग ती म्हणाली, "बाबा रोज सकाळी म्हणतात, आज मला इन्सुलिन नको. तेव्हा तू काय करशील?"

"बेसेदर!"

वाल सोलायचा आवाज थांबला.

"म्हणजे तू देणार नाहीस?"

आणि मी, शप्पथ, भीतीने परत म्हटलं, "बेसेदर."

तिने पेन खाली ठेवलं. म्हाताऱ्याने मात्र पहिल्यांदा मान वळवली आणि माझ्याकडे बघून खूष झाला. त्याला इतक्या वर्षांनी पाहिजे तशी मुलगी मिळाली होती.

एजंट मॅडम घाईघाईने मध्ये पडली, "शी इज नर्व्हस, यिहिये बेसेदर, यिहिये बेसेदर!"

"लो बेसेदर!" पाटावरून मावशी एवढ्या जोरात ओरडल्या की सरांच्या हातातलं पाणी सांडलं. फोनमधली बाई दचकली. तिने हिब्रूत काहीतरी विचारलं, मावशींनी हिब्रूत काहीतरी ऐकवलं, दोघींचं दोन मिनिटं जोरात चाललं आणि मला वाटलं संपलं सगळं. मग मावशी माझ्याकडे वळल्या. "ती म्हणते बोल. खरं बोल. येत न्हाय तिथं मराठीत बोल, मी सांगते तिला."

मी बोलले. इंजेक्शन देणार, ते नको म्हणाले तरी देणार, ओरडले तरी देणार, दवाखान्यात मी रोज तेच करायचे. एकटीने उचलणार नाही, माझी कंबर जाईल आणि ते पडतील, दोघं पाहिजेत नाहीतर मशीन पाहिजे. आणि मग आईचा प्रश्न. आई दाराच्या चौकटीत उभी होती, पदराला हात पुसत. "सायरन वाजला की बाबांना कुठे नेता?"

बाईने सांगितलं की शेल्टर इमारतीच्या तळघरात आहे, त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि सायरन चालू असताना लिफ्ट वापरायची नसते.

"मग बाबांना कोण नेतं?"

तिने मागे वडिलांकडे बघितलं. "यिहिये बेसेदर," म्हणाली.

एक सांगू? त्या क्षणी मला ती एकदम आपल्यातली वाटली. आमच्या ग्रामपंचायतीतली कोणीतरी.

"यिहिये नको," मी म्हटलं. "आत्ता. आत्ता कोण नेतं?"

ती चष्मा डोक्यावरून काढून पुसायला लागली. मग हळूच म्हणाली, कोणी नाही. ती आणि बाबा जिन्यात बसतात. आधीची मुलगी एकटी खाली पळायची, आणि ती तिला दोष देत नाही.

"मी एकटी खाली पळणार नाही," मी म्हटलं, "आणि जिन्यात पण बसणार नाही. म्हणून लो बेसेदर."

तिने पुसलेला चष्मा डोळ्यांवर लावला. "बेसेदर," म्हणाली, आणि कॉल कट.

"हा कुठला बेसेदर?" मी मावशींना विचारलं.

"हा दार लावायचा," मावशी म्हणाल्या आणि पुढचा वाल घेतला.

सर आधी सांडलेलं पाणी पुसत बसले. मग बोलले ते थांबेनात. "तुला मी एक शब्द दिला होता! एक! तू त्याला पुढे 'लो' लावलास! ग्रामर कोणी विचारलं होतं तुला?" आईला इतका आनंद झाला होता की तिने सरांना बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. सर "नको नको, अहो नको" म्हणत चार भाकऱ्या जेवले. क्लासच्या ग्रुपवर माझं नाव लो बेसेदर पडलं. सरांनी पुढच्या बॅचला माझं उदाहरण द्यायला सुरुवात केली, काय करायचं नाही याचं. बाबा म्हणाले, होईल दुसरं. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गाडी पुसायला गेले.

मी दोन दिवस रडले. ते पण लिहायला पाहिजे, नाहीतर वाटेल मी लय धीट. मावशींवर पण चिडले. म्हटलं, तुमचं काय जातंय, तुम्ही तिकडे राहून आलात, तुमची जागा नक्की आहे, लो बेसेदर म्हणायला तुम्हाला परवडतं. मावशी एवढंच म्हणाल्या, "मी पण पहिली पाच वर्षं सगळ्याला बेसेदरच म्हणायचे गो. म्हणून तर वॉर्डाच्या आधी इतकी वर्षं भांडी घासली."

दहाबारा दिवसांनी एजंट मॅडमचा मेसेज. खाली एक व्हिडिओ. तीच बाई, हातात फोन धरून चालतेय. आता तिच्या भावाचं घर, दुसऱ्या गावात, तळमजला. बाबांना तिकडे हलवणार होती. चालत चालत ती एका खोलीशी आली. जाड भिंत, जाड लोखंडी दार, खिडकीला लोखंडी झडप. घरातच असलेली सुरक्षित खोली. कॅमेरा आत फिरवला आणि खाली लिहिलं होतं, "बेसेदर?"

मी टाइप करतच होते. बेसे पर्यंत झालं होतं. जायला मिळतंय, दार मिळालंय, अजून काय पाहिजे!

"थांब," आई माझ्या खांद्यावरून म्हणाली. "मागं घे. त्यात काय भरलंय बघ."

मागे घेतलं. खोलीत दोन सायकली, इस्त्रीचं टेबल, व्यायामाचं मशीन, बॅगा, खोके, छतापर्यंत. माणूस उभा राहील एवढी जागा नव्हती, व्हीलचेअर तर सोडाच.

"आपल्या निवाऱ्यासारखं," आई म्हणाली. मला पण आठवलं ते. आमच्या गावाजवळ वादळासाठी निवारा बांधलाय, सिमेंटचा, मजबूत, वर पाटी. ते मोठं वादळ आलं तेव्हा आम्ही सगळे तिथे पळालो, तर आत गणपती मंडळाच्या खुर्च्या आणि कढया, आणि कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो पनवेलला. पत्रे उडत होते आणि आम्ही मजबूत निवाऱ्याच्या बाहेर भिंतीला चिकटून उभे. तिथे पण एक जण सगळ्यांना सांगत होता, काय होत न्हाय, काय होत न्हाय. आईची वाडी त्या दिवशी आडवी झाली.

मी 'बेसे' पुसलं. लिहिलं, "लो बेसेदर. सामान बाहेर काढा. मग व्हीलचेअर आत नेऊन दार लावून दाखवा."

पाठवून फोन पालथा घातला. सरांना सांगितलं असतं तर त्यांना हॉस्पिटलला न्यावं लागलं असतं.

चार दिवसांनी दुसरा व्हिडिओ आला. खोली रिकामी. एक पलंग, एक दिवा. बाईने वडिलांना ढकलत आत नेलं, चाक उंबऱ्याला अडलं, परत मागे घेतलं, परत ढकललं, तो म्हातारा सतत काहीतरी भांडत होता. मावशी म्हणाल्या, "विचारतोय, माझी सायकल कुठं टाकली." मग दार लागलं आणि स्क्रीन काळी झाली, आणि आतून कडी फिरल्याचा आवाज आला.

"कडी आतून हाय का बाहेरून?" आई.

आतून आहे, मी म्हटलं.

"विचार."

विचारलं. आतून. पाणी आत ठेवता का, ते विचारलं. ठेवणार. दिवे गेले तर काय, ते विचारलं. बॅटरी आहे. मग बाईने लिहिलं, हे सगळे प्रश्न तूच विचारतेस का अजून कोणी? मी लिहिलं, आई. बराच वेळ टाइपिंग, टाइपिंग दिसत राहिलं. मग आलं, उंबऱ्याला फळी लावते उद्या, चाक अडतंय, आईला सांग.

मी आईला सांगितलं. मावशींनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता तरी म्हण. मी लिहिलं, बेसेदर. एकदाच, न खेचता.

आईने फोन माझ्या हातातून घेतला. "ते दाराचं परत लाव," म्हणाली. व्हीलचेअर दारातून आत जाते तो तुकडा तिने चार वेळा बघितला, ओठ हलवत, किती वेळ लागतो ते मोजत. चौथ्यांदा मोजून झाल्यावर फोन परत दिला आणि बाहेर गाडी पुसत असलेल्या बाबांना हाक मारली.

"अहो, कपाटातलं कागदांचं पाकीट काढा. आणि पेन द्या, चालणारं."